तीन मिलिमीटरचं छप्पर

छपराच्या पहिल्या खांबात करवत घातली तेव्हा खिडकीबाहेर मृगाचा पाऊस सुरू झाला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्या दुपारी मनातही आलं नाही. पुढे साडेचार महिने ते गाडीचं मॉडेल माझ्या टेबलावर अडकून पडलं. ज्या ज्या कारणांनी अडकलं, त्यातली बरीचशी शोधत मागे गेलं की त्या पहिल्या कापापाशीच जाऊन पोचतात.

असली मॉडेलं करणाऱ्या दोघा-तिघांनी मला विचारलं होतं, की छप्पर कापायचं म्हणजे नक्की काय काय करावं लागतं. तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी सुटायचं, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. किट साधं होतं: १९३२ च्या फोर्डची तीन खिडक्यांची कूप, १/२५ मापाची, पांढऱ्या प्लास्टिकची. त्यातून मला हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी कापून-छाटून बदललेली जुनी गाडी, करायची होती.

गाडी आणि तिचं साल

फोर्डने ३१ मार्च १९३२ रोजी व्ही-८ इंजिनाची गाडी लोकांसमोर आणली. तोवर आठ सिलिंडर म्हणजे पैसेवाल्यांचं काम. फोर्डने इंजिनाचा अख्खा ठोकळा एकसंध ओतायची रीत कारखान्यात बसवली आणि २२१ घनइंचांचं, म्हणजे साधारण ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन साध्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणलं. याच्या झडपा डोक्यात नसतात, ठोकळ्याच्या कुशीत असतात. त्यामुळे वरचं झाकण सपाट, म्हणून नाव फ्लॅटहेड.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच गाड्या दक्षिण कॅलिफोर्नियात जवळजवळ भंगाराच्या भावात मिळू लागल्या. सैन्यातून परतलेली, यंत्रांत हात घालायची सवय झालेली तरुण पोरं त्या उचलायची. मडगार्ड काढायचे, बॉनेटच्या बाजू काढायच्या, इंजिनातून आणखी ताकद पिळायची आणि मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर गाडी पळवायची. सालातल्या दोनावरून तिचं नाव पडलं ‘ड्यूस’, म्हणजे दुर्री. मडगार्ड काढले की बहुतेक जुन्या गाड्यांची चासी ओंगळ दिसते, धोतर सुटल्यासारखी. ड्यूसच्या चासीच्या बाजूंवर मात्र कारखान्यातूनच एक उठावाची रेघ ठसवलेली असते, त्यामुळे ती उघडीच शोभून दिसते. तिचं कौतुक आजवर टिकलं त्याचं निम्मं श्रेय मी तरी इंजिनाला नाही, या रेघेला देतो.

शर्यतींचा वेग मोजायला १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. म्युरॉकचं मोठं तळं लष्कराने विमानतळासाठी घेतलं, आणि मग एल मिराजला गर्दी होऊ लागली. या संस्थेत बरीच वर्षं फक्त रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाच्या गाड्या चालायच्या. छप्पर असलेल्या कूपला तिथे थारा नव्हता. कूपवाले मग रसेटा नावाच्या दुसऱ्या संघटनेकडे जायचे. छप्पर म्हणजे वाऱ्याला अडवणारी भिंत, आणि काढून टाकलं तर गाडी कूप राहत नाही. उरला एकच उपाय: छप्पर कापून बुटकं करायचं. पिअरसन बंधूंची १९३४ ची कूप यातलं टोकाचं उदाहरण. समोरच्या काचेची किमान उंची नियमात दिली होती, पण ती किती झुकलेली असावी हे लिहिलं नव्हतं. त्यांनी उंची पाळली आणि काच जवळजवळ झोपवली. नियमाची अशी वाट काढणारी माणसं मला फार आवडतात.

सुरुवातीलाच मी स्वतःला एक अट घातली. गाडी १९५१ च्या उन्हाळ्यातली असेल. डब्यातला प्रत्येक भाग हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या एखाद्या पोराला हा मिळाला असता का? अट घातली नाही तर खिचडी होते, हे अनुभवाने कळलं होतं. अमेरिकेत १९५८ पासून एएमटी कंपनीने एकाच डब्यातून तीन तऱ्हांची गाडी करता येईल असे सुटे भाग द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून मॉडेलच्या डब्यात गरजेपेक्षा दुप्पट भाग निघणं ही रीतच झाली. चाळीसच्या दशकातली चाकं, सत्तरच्या दशकातलं इंजिन आणि नव्वदच्या दशकातली सीट, सगळं एकाच गाडीत बसतं. बसतं म्हणून आपण बसवतोही.

अट लागू केल्याबरोबर अर्धा डबा बाद झाला. आतलं इंजिन आधुनिक व्ही-८ होतं, ते गेलं. शेव्हरलेचं प्रसिद्ध छोटं व्ही-८ वापरायचा मोह झाला होता, पण ते १९५५ चं, म्हणून तेही गेलं. रुंद, बसक्या टायरांची जोडी गेली. जाड चमकीचा मेटलफ्लेक रंगही गेला, तो थाट पुढच्या दशकातला. आत काय आलं? १९४० च्या फोर्डची सोळा इंची पोलादी चाकं आणि तिचेच हायड्रॉलिक ब्रेक. फोर्डने तारांचे आणि दांड्यांचे ब्रेक सोडून तेलाचे ब्रेक १९३९ मध्ये दिले, त्यामुळे ती पोरं नंतरच्या गाड्यांचे ब्रेक काढून ड्यूसला लावत. ही चाकं, ब्रेक आणि एक फ्लॅटहेड इंजिन माझ्याकडे १९४० च्या फोर्डच्या एका अर्धवट किटमध्ये पडून होतं. म्हणजे मीही भंगारातूनच उचललं, फक्त भंगार बुटांच्या खोक्यातलं होतं.

(कोणी विचारतं, की खरी गाडीच अशी का करत नाही. मूळ गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा, मग आरटीओच्या दारात छप्पर कापलेली गाडी नेऊन बघा.)

काप

खऱ्या गाडीचं छप्पर तीन इंचांनी उतरवायचं ठरवलं. तीन इंच म्हणजे ७६ मिमी, पंचविसाने भागले की तीन मिमी आणि वर थोडंसं. चार इंचांनी ती गाडी गुंडासारखी दिसते, दोन इंचांत कापल्याचं कळतच नाही.

हत्यार म्हणून झवेरी बाजाराजवळून आणलेली सोनारांची करवत वापरली. तिचं पातं साधारण ०.३ मिमी जाडीचा काप घेतं. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण १/२५ मध्ये तो साडेसात मिमी होतो आणि दोन काप घेतले की पंधरा मिमी, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त, नुसता भुसा होऊन उडतो. म्हणून पातं कायम टाकून द्यायच्या पट्टीत चाललं पाहिजे. खूण म्हणून मास्किंग टेपच्या तीन थरांची कड लावली आणि पातं त्या कडेच्या आतून नेलं. मागच्या काचेचा प्रश्न होता. काप तिच्यातून गेला तर ती टपालपेटीच्या तोंडाएवढी उरते. जाऊ दिला. त्या काळच्या गाड्यांत ती तशीच दिसते.

तीन मिमीची पट्टी सुटून हातात आली आणि टप खालच्या भागावर ठेवून पाहिला. बसेना.

कारण आधी कळायला हवं होतं. कोनात भरलेल्या कुल्फीचा मधला एक काप काढून टाकला, तर वरचा आणि खालचा तुकडा जुळत नाहीत, दोघांचे व्यास वेगळे होतात. गाडीचं वरचं घरही तसंच निमुळतं होत जातं. बाजूच्या भिंती आत झुकलेल्या, पाठ पुढे कललेली, समोरचे खांब किंचित मागे. कापलेला टप खालच्या भागापेक्षा लांबीला एक मिमी आणि रुंदीला जेमतेम अर्धा मिमी लहान निघाला. खऱ्या गाडीत हा फरक एक इंच आणि अर्धा इंच. तिथेही कारागिरांना नेमकी हीच अडचण यायची. ते पत्रा तापवत, ओढत किंवा टपच चिरत.

मी आधी आळशी मार्ग धरला. हेअर ड्रायरने खांब गरम करून पुढे ओढायचे. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण थंड असताना ठिसूळ असतं आणि मधली मर्यादा अरुंद आहे. डावा खांब मऊ झाला. उजवा मऊ झाला असं वाटलं आणि तो कट्कन मोडला. मग त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून आत पितळी तारेची खुंटी घातली. आज तो खांब गाडीतला सगळ्यात भक्कम भाग आहे.

मग दोन रस्ते उरले. समोरचे खांब मागे झुकवून टपाला गाठायचं, किंवा टप स्वतःच मोठा करायचा. पहिला सोपा होता, पण १९३२ च्या फोर्डचा चेहरा तिच्या जवळजवळ उभ्या काचेत आहे. ती झुकली की गाडी १९३४ ची वाटायला लागते. म्हणून टपावर अधिकच्या चिन्हासारखे दोन छेद घेतले, चार तुकडे केले आणि मध्ये स्टायरीनच्या पट्ट्या घालून ते पुन्हा जोडले: आडव्या छेदात एक मिमी, उभ्या छेदात अर्धा मिमी.

इथे गाडीच्या सालाने मदत केली. १९३२ मध्ये फोर्डच्या बंद गाड्यांचं छप्पर पूर्ण पत्र्याचं नव्हतं. मध्ये मोठी चौकोनी जागा मोकळी असायची. तिच्यात लाकडी कमानी आणि त्यांवर ताणलेलं लेप दिलेलं कापड. एवढा मोठा पत्रा एका दाबात घडवणं तेव्हा सोपं नव्हतं. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांत पूर्ण पोलादी टप दिला, फोर्डने १९३७ मध्ये. म्हणजे माझ्या जोडांचा मधला सगळा भाग कापडाखाली जाणार होता. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर त्या चौकोनावर ताणून बसवला, वर काळपट निस्तेज रंग दिला आणि लेप दिलेल्या कापडाचा पोत आपोआप आला. कित्येक हॉट रॉडवाल्यांनी त्या चौकोनात दुसऱ्या गाडीचा पत्रा जोडून टाकला होता, पण माझं १९५१ चं पोरगं गरीब होतं असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर ते गरीब असणं माझ्या सोयीचं होतं.

छेदांची चार टोकं मात्र कापडाबाहेर आली: दोन दारांच्या वर, एक समोरच्या काचेवर, एक मागच्या काचेवर. ही चार ठिकाणं लक्षात ठेवा.

पुठ्ठ्याचा माणूस

छप्पर बसल्यावर गाडी देखणी झाली आणि मी तिच्याभोवती आठवडाभर नुसता फिरत राहिलो. मग शंका आली. पुठ्ठ्याचा एक माणूस कापला, उंची सत्तर मिमी, म्हणजे खऱ्यात पावणेदोन मीटर. गुडघ्यात आणि कमरेत दुमडून सीटवर बसवला. डोकं छपराला लागलं आणि नजर थेट काचेच्या वरच्या चौकटीत. असली गाडी कोणी चालवूच शकत नाही.

सीटखालचा पाया दोन मिमीने उतरवला. सीट उतरली तसं स्टीअरिंग छातीपाशी येण्याऐवजी तोंडासमोर आलं, म्हणून स्टीअरिंगची दांडी खाली कलती केली. ती कलती केल्यावर डॅशबोर्डला घासू लागली, तिथे खाच पाडली. काचा तर सगळ्याच बदलल्या. किटमधल्या काचांचा आकार आता चालणारच नव्हता, म्हणून बॅटरी सेलच्या पाकिटावरचं पारदर्शक प्लास्टिक कापून घेतलं. त्या मी फेव्हिकॉलने चिकटवल्या. सुपरग्लूची वाफ काचेवर बसून पांढरट धुकं धरतं आणि ते पुसून जात नाही. तीन मिमीचा परिणाम असा दारापासून स्टीअरिंगपर्यंत सगळीकडे पसरतो. विचारणाऱ्यांना मी हेच सांगायला विसरायचो.

लांबी आणि भूत

आता ती चार टोकं. त्यांवर मी गाड्यांच्या गॅरेजात वापरतात ती एनसी पुट्टी भरली, आपल्याकडे रंगारी जिला लांबी म्हणतात तसली. सुकली, वॉटर पेपरने घासली, बोट फिरवलं तर जोड लागेना. प्रायमर मारला, झकास. तीन आठवड्यांनी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दारांच्या वर केसाएवढ्या दोन रेघा दिसल्या. जोड जसाच्या तसा वर आला होता.

या लांबीतला विद्रावक उडून जातो तशी ती आक्रसते. वरून कडक वाटते तेव्हाही आत ओली असते. शिवाय तोच विद्रावक आजूबाजूचं प्लास्टिक थोडं मऊ करतो. ते सुकताना पुन्हा खाली बसतं, आणि तुम्ही तोवर सपाट घासून मोकळे झालेले असता. घाई माझीच. खरवडून काढलं आणि त्या जागी फेव्हिक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरली. हे मिश्रण सुकताना आक्रसत नाही. अट एकच, त्याच दिवशी घासायचं. रात्रभर ठेवलं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं, आणि कागद भोवतालचं मऊ प्लास्टिक खातो आणि मध्ये टेकाड उभं राहतं. त्या रेघा पुन्हा आल्या नाहीत.

जुलै

रंग खोल मरून ठरवला होता. तोवर जुलै उजाडला. डोंबिवलीत जुलैमध्ये रुमाल वाळत नाही आणि मी लॅकरचा स्प्रे घेऊन गॅलरीत उभा. आर्द्रतामापकावर ८८ टक्के. दोन हात मारले, पाच मिनिटं थांबलो, आणि मरून रंगावर कोणी दूध सांडावं तशी पांढरट साय आली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पेंटरकाकांकडे बॉडी घेऊन गेलो. ते हातातलं काम न सोडता म्हणाले, “पावसात लॅकर मारलास होय रे? अंगाला थंड लागतं ना?”

“कोणाच्या अंगाला, काका?”

“रंगाच्या.”

त्यांनी जे सांगितलं ते पुस्तकातही तसंच आहे. लॅकरमधला विद्रावक झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, जसं हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं. हवा आधीच ओथंबलेली, त्यामुळे गार पडलेल्या रंगावर बाष्पाचे बारीक थेंब जमतात आणि थरातच अडकतात. ती पांढरी साय म्हणजे अडकलेलं पाणी. मोठ्या गाड्यांवर काका पावसाळ्यात थिनरमध्ये रिटार्डर मिसळतात. तो उडण्याचा वेग कमी करतो, म्हणजे पाण्याला निसटायला वेळ मिळतो. माझा स्प्रे सीलबंद डब्यातला होता, त्यात काही मिसळता येणार नव्हतं. काकांनी त्यांच्या गनमधून रिटार्डरचा अगदी हलका फवारा त्या बॉडीवर मारला. बहुतेक साय विरघळून गेली, पण छपराच्या कडेला पातळ रंग ओघळला.

“आता गप ठेवून दे,” ते म्हणाले. “दसऱ्याच्या आसपास ये.”

मी गप ठेवून दिलं नाही. ऑगस्टमधल्या एका उघडिपीला पुन्हा प्रयत्न केला. बॉडी आधी चाळीस वॉटच्या बल्बखाली झाकलेल्या खोक्यात तासभर ठेवून कोरडी केली, स्प्रेचा डबा कोमट पाण्यात धरला. साय आली नाही. पण संध्याकाळी दिव्याभोवती आलेल्या पावसाळी पाखरांपैकी एक बॉनेटवर उतरलं. त्याचे पाय आणि एक पंख अजून माझ्याकडे एका डबीत आहेत, मरून रंगात.

इंजिन, दरम्यान

रंग थांबला तेव्हा इंजिन हातात घेतलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त मजा इथे आली.

फ्लॅटहेडच्या ठोकळ्यात जळालेला वायू सिलिंडरांच्या मधून, थंड करणाऱ्या पाण्याला वळसा घालत बाहेर पडतो. म्हणून हे इंजिन तापण्यासाठी बदनाम. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार, पण मधल्या दोघांची बाहेर पडायची वाट एकच. त्यामुळे बाजूला भोकं तीन. मी किटमधले देखणे चार नळ्यांचे एक्झॉस्ट घासून, बसवून, चिकटवायच्या बेतात होतो. एका जुन्या छायाचित्रात नळ्या मोजल्या तेव्हा लक्षात आलं. चार नळ्या लावल्या असत्या तर १९५१ ची अट घालणारा मी त्या गाडीतला सगळ्यात हास्यास्पद भाग झालो असतो. दीड मिमी जाडीच्या भरीव सोल्डर तारेला वाकवून तीन-तीन नळ्या केल्या. सोल्डर मऊ असतं, वाकवताना चेपत नाही. त्यात शिसं असतं, हात धुवायचे.

वर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर. हे १९३६ ते ३८ च्या फोर्डवर यायचे, म्हणजे १९५१ मध्ये भंगारात ढिगाने. दोन कार्ब्युरेटर एका नळखांड्यावर बसवायची सोय विक एडलब्रॉकने १९३८ च्या सुमारास ‘स्लिंगशॉट’ नावाने केली होती, तेव्हा तारीखही जुळली. चार रबरी नळ्या रेडिएटरला: दोन वर, दोन खाली, कारण या इंजिनाला पाण्याचे पंप दोन असतात. स्पार्क प्लगच्या तारांसाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तीस गेजची वाइंडिंग तार आणली. ती ०.३ मिमीची, म्हणजे खऱ्यात आठेक मिमी, अगदी बरोबर. डिस्ट्रिब्युटर या इंजिनाच्या पुढच्या तोंडावर असतो. तिथून तारा दोन्ही झाकणांच्या कडेच्या नळीत शिरतात. एकदा नळीत शिरल्या की कोणती तार कुठे गेली हे दिसत नाही. तरी मी १-५-४-८-६-३-७-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रम धरूनच लावल्या. बायकोने विचारलं, कोणाला दिसणार आहे? उत्तर नव्हतं.

किटचा क्रोम सगळा काढला. तो ॲल्युमिनियमचा हवेहून पातळ थर असतो, कपड्यांच्या ब्लीचमध्ये काही तासांत उतरतो. खाली लाखेचा थर राहतो, तो वेगळा घासावा लागतो. गरीब पोराच्या गाडीत एवढं चकाकणारं काही नसतंच. हेडलाइटच्या कड्या आणि कार्ब्युरेटरची झाकणं तेवढी चांदीच्या रंगाने केली.

ऑक्टोबर

दसऱ्यानंतर आर्द्रतामापक साठाच्या खाली आला. ऑगस्टचा रंग घासून काढला. दारांच्या फटी पुन्हा खोल खरवडल्या. खऱ्या गाडीचा रंग मिलिमीटरचा साधारण दहावा भाग जाड असतो, आणि मॉडेलवर प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून तेवढीच जाडी होते. पण पंचविसाने गुणलं की ती अडीच मिमी भरते. दोन बोटं लांबी लावलेल्या गाडीसारखं ते दिसतं, फटी बुजतात. म्हणून रंगाआधीच फट मुद्दाम खोल ठेवायची. तीन पातळ हात, मध्ये एकेक दिवस. मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड आणि भरपूर धीर. धीर दारांच्या कडेला संपला, आणि डाव्या दाराच्या काठावर प्रायमर उघडा पडला. तिथे ब्रशने ठिपका दिला आहे. कुठे ते सांगणार नाही.

पुढचा आस तीन मिमी खाली उतरलेला, म्हणजे नाक जमिनीकडे आणि पाठ वर. पुढे बारीक टायर, मागे जाड. चारही चाकं काचेच्या तुकड्यावर ठेवली तर डावं मागचं चाक अधांतरी. कागदाचा एक तुकडा खाली सहज सरकत होता, दोन अडत होते. चासी जोडताना ती थोडी पिळवटलेली असणार. आता ती उलगडायची तर इंजिन काढावं लागेल, आणि इंजिन काढायचं तर त्या तारा.

शनिवारी गाडी घेऊन गॅरेजात गेलो. काकांनी चष्मा लावला, गाडी उजेडात धरली, दारांच्या वरच्या जागा अंगठ्याने चाचपल्या. त्यांना सांगितलं नव्हतं, तरी बोट तिथेच गेलं. मग टपावरचा काळा चौकोन बघितला.

“हे काय लावलंस?”

“कापड आहे, काका. या गाड्यांना मूळचंच असायचं.”

“आणि पावसात?”

मी म्हटलं, की ही गाडी जिथली आहे तिथे तळीच कोरडी असतात. काकांनी गाडी परत दिली आणि अर्धवट घासलेल्या रिक्षाकडे वळले.